अल्फा ०.९१ आला, पण मोजलं काय?

पत्र:

ताई, मी एम.ए. सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेझर्टेशनचा विषय कॉलेजच्या मुलींमधलं मोबाईल व्यसन. टूल (प्रश्नावली) मीच बनवलंय, २४ आयटम (विधानं), पाच पर्याय, काही इंग्लिश स्केलवरून भाषांतर करून घेतले, काही माझ्या मनाने लिहिले (सोबत जोडलंय). गुगल फॉर्म हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला, विश्वसनीयतेचा आकडा म्हणजे अल्फा ०.९१ आला, एसडी (प्रमाण विचलन) १२. ७२ च्या वर स्कोअर म्हणजे व्यसनी असं धरलंय, कारण २४ गुणिले ३ बरोबर ७२. गाईड सर म्हणतात अल्फा ०.७ च्या वर आहे ना, मग विषय संपला, व्हॅलिडिटीच्या ठिकाणी फेस व्हॅलिडिटी लिहून टाक. पण माझी रूममेट एमपीएससी करते, सगळी लेक्चरं मोबाईलवर, तिला ८१ आले. आणि समोरच्या रूममधली रात्री दोन-दोनपर्यंत रील बघत असते, तिला ५८! आता मला टूलवरच डाऊट यायला लागलाय. पुढच्या महिन्यात व्हायवा आहे. एक्स्टर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) विचारलं तर काय सांगू?
– सांगलीहून एक वैतागलेली

उत्तर:

अगं, आधी घाबरणं बंद कर, डेझर्टेशन बुडालेलं नाही. रूममेटचे ८१ बघून तुला जो डाऊट आला ना तो भल्याभल्यांना थिसिसचं बाइंडिंग होईपर्यंत येत नाही. सरांनी तुला रिलायबिलिटीचं (मोजमाप भरवशाचं येतं का) उत्तर दिलं, तुझा प्रश्न व्हॅलिडिटीचा (जे मोजायचं तेच मोजतंय का) होता, आणि ही दोन प्रकरणं एका वाक्यात उरकायची सवय आपल्याकडे इतकी मुरलीये की 'विश्वसनीयता व सप्रमाणता' हा एकच शब्द आहे असं वाटायला लागतं.

अल्फाचं आधी मोकळं करू, कारण निम्मा घोळ तिथे आहे. ली क्रॉनबॅकने १९५१ मध्ये तो पेपर लिहिला (तसा हाच फॉर्म्युला लुई गटमनने १९४५ लाच मांडला होता, पण नाव लागलं क्रॉनबॅकचं), आणि त्यातून कळतं इतकंच की तुझे आयटम एकमेकांना किती धरून आहेत, म्हणजे एका आयटमला 'पूर्ण सहमत' करणारी मुलगी दुसऱ्यालाही साधारण तसंच करते का. ते आयटम कशाबद्दल आहेत याच्याशी अल्फाला काडीचं देणंघेणं नाही. २४ आयटम पावभाजीच्या आवडीवर लिहिलेस तरी तो ०.९१ देऊ शकतो.

शिवाय तो आयटमच्या संख्येने फुगतो, हे कॅल्क्युलेटरवर करून बघ म्हणजे पटेल. समज आयटमांमधलं सरासरी कोरिलेशन (एकमेकांशी जुळणी) ०.३ आहे, म्हणजे ठीकठाक, फार ग्रेट नाही. असे ५ आयटम असले तर अल्फा येतो ०.६८, १० असले तर ०.८१ आणि २४ असले तर ०.९१. आयटमांची क्वालिटी तीच, फक्त संख्या वाढली. म्हणजे तुझा ०.९१ हा बऱ्याच अंशी २४ चा आहे. आता याहून भारी गंमत बघ. समज तुझे १२ आयटम एका गोष्टीबद्दल आहेत आणि उरलेले १२ भलत्याच, गटाच्या आत कोरिलेशन ०.५, पण दोन्ही गटांचा एकमेकांशी संबंध शून्य, अगदी शून्य. सगळे २४ एकत्र टाकून एसपीएसएसला (आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला) अल्फा विचारला तर तो ०.८८ सांगेल! दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी, आणि टेबलमध्ये मात्र छान आकडा. म्हणून अल्फा चांगला आला म्हणजे टूल एकच गोष्ट मोजतंय असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, त्यासाठी फॅक्टर अ‍ॅनालिसिस (कुठले आयटम एका गटात जमतात ते काढणं) वगैरे वेगळं बघावं लागतं.

आणि ते ०.७ चं प्रकरण. ही रेघ बहुतेक लोक जम नन्नलीच्या पुस्तकातून उचलतात, बहुतेकदा ते न उघडता. १९७८ च्या आवृत्तीत त्याने ०.७ म्हटलंय ते संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी. एखाद्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर किमान ०.९ हवं आणि खरं तर ०.९५, असंही त्यानेच लिहिलंय. 'ही मुलगी व्यसनी' हा एका माणसाबद्दलचाच निर्णय झाला ना? क्रॉनबॅकलाही पुढे आपल्या या लाडक्या आकड्याचं फार कौतुक राहिलं नव्हतं, त्याच्या मृत्यूनंतर २००४ मध्ये जो लेख छापून आला त्यात तो म्हणतो की बहुतेक डेटासाठी अल्फा हा सगळ्यात योग्य मार्ग आहे असं मला आता वाटत नाही. हे सरांना ऐकवू नकोस, पण व्हायवाला खिशात असू दे.

आता तुझे आयटम. जोडलेलं टूल नीट वाचलं. चौथा आहे 'मोबाईल जवळ नसला की मला अस्वस्थ वाटतं', अकरावा 'मोबाईल रूमवर विसरला तर मी बेचैन होते', सतरावा 'मोबाईल हातात नसेल तर मला चैन पडत नाही', बावीसावा 'बॅटरी संपली की माझा जीव कासावीस होतो'. अगं हा एकच प्रश्न चार वेळा विचारलायस! चौथ्याला हो म्हणणारी बावीसाव्यालाही हो म्हणणारच, अल्फा वर जाणारच, त्यातून नवीन काही कळलं का तर नाही. रेमंड कॅटेलने अशा फुगवलेल्या तुकड्यांना 'ब्लोटेड स्पेसिफिक' असं नावच ठेवलं होतं, एक बारीकसा विषय इतक्या शब्दांत फिरवायचा की तो मोठा गुण वाटायला लागतो.

मग नववा, 'मोबाईलशिवाय माझी रोजची कामं अडतात', आणि पंधरावा, 'माझा बराचसा वेळ मोबाईलवर जातो'. तुझ्या रूममेटने इथे काय करावं सांग. तिची लेक्चरं मोबाईलवर, पीडीएफ टेलिग्रामवर, टेस्ट सिरीज अ‍ॅपवर, ती बिचारी प्रामाणिकपणे दोन्हीकडे 'पूर्ण सहमत' करते आणि तुझं टूल तिचा अभ्यास व्यसन म्हणून मोजतं. सॅम्युअल मेसिकने व्हॅलिडिटीची दोन दुखणी सांगितली होती. जे मोजायचं नाही ते स्कोअरमध्ये शिरतं, हे एक. जे मोजायचं होतं त्यातलं बाहेर राहून जातं, हे दुसरं. तुझ्याकडे दोन्ही आहेत. पहिलं रूममेटच्या ८१ मध्ये दिसतं. दुसरं म्हणजे, व्यसन म्हटलं की माणूस सोडायचा प्रयत्न करतो आणि जमत नाही, नुकसान दिसतंय तरी चालू राहतं, आणि या दोन गोष्टींवर तुझ्या २४ मध्ये एकही आयटम मला सापडला नाही. झोपेवर एक आहे, तोही मोघम.

समोरच्या रूमवालीचे ५८ कसे आले तेही अंदाजाने सांगते. फॉर्मच्या सुरुवातीलाच तू नाव आणि रूम नंबर विचारलायस आणि फॉर्म पाठवणारी तू, रोज मेसमध्ये भेटणारी. कोण सांगेल तुला की मी रात्री दोनपर्यंत रील बघते? सगळीकडे 'तटस्थ' आणि 'असहमत' करून मोकळी झाली असणार. त्यात सगळे आयटम एकाच दिशेचे, म्हणजे ज्यांना हो ला हो करायची सवय आहे त्यांचा स्कोअर आपोआप वर जातो आणि अल्फाही. काही उलटे आयटम हवेतच. पण ते लिहिताना 'मला मोबाईलची गरज वाटत नाही' असं नकारार्थी लिहू नको, त्यावर 'असहमत' करायचं म्हणजे डोक्यात दोन नकार सोडवत बसावं लागतं आणि अर्ध्या मुली चुकीचा गोल काळा करतात. 'मोबाईल बाजूला ठेवून मी तासभर सहज अभ्यास करू शकते' असं सरळ लिही.

आता एक स्टडी सांगते, माझी फार आवडती, आणि तुझ्याच विषयातली. ब्रिटनमधल्या लिअम सॅचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोशल मीडियाच्या व्यसनाची गाजलेली स्केलं घेतली आणि आयटममध्ये सोशल मीडियाच्या जागी 'मित्रांसोबत प्रत्यक्ष वेळ घालवणं' असं टाकलं. बाकी रीत तीच जी सगळे वापरतात. ८०७ लोकांचा डेटा, तीन फॅक्टर व्यवस्थित निघाले, चार आठवड्यांनी रीटेस्ट केली तर कोरिलेशन ०.७२ ते ०.८६, पर्सनॅलिटीशी संबंधही अपेक्षित दिशेने आले. म्हणजे पेपरात जे जे मागतात ते सगळं हजर. मग नेहमीच्याच पद्धतीने वर्गीकरण केलं तर निकाल काय, ६९ टक्के लोक मित्रांना भेटायचे व्यसनी! २०२१ मध्ये बिहेवियर रिसर्च मेथड्स या जर्नलमध्ये छापून आलं. मुद्दाम केलेली थट्टा होती आणि ते त्यांनी लपवलेलंही नाही, पण थट्टेतला मार बरोब्बर बसतो. कट्ट्यावर चहा पीत बसणाऱ्या प्रत्येकाला पेशंट ठरवणारं टूल रिलायबल असू शकतं. तिथे आकड्यांमध्ये काही खोट नव्हती, खोट होती ती 'व्यसन' या दाव्यात. आणि व्हॅलिडिटी टूलला चिकटलेली नसते, स्कोअरवरून तू जो दावा करतेस त्याची असते, हे एवढं वाक्य डोक्यात पक्कं बसलं की निम्मा व्हायवा सुटला.

मग तुझा दावा तपासू. 'मोबाईल व्यसन' नावाचं निदान आजच्या घडीला आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) नाही आणि डीएसएम-५ मध्येही (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची यादी) नाही. आयसीडीमध्ये गेमिंग डिसऑर्डर आहे, डीएसएममध्ये इंटरनेट गेमिंग पुढच्या अभ्यासासाठीच्या यादीत ठेवलंय, पण अख्खा मोबाईल कुठेच नाही. याचा अर्थ लोकांना त्रास होत नाही असा काढू नको, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून शट क्लिनिक याच कामासाठी चालतं. पण निदानच ठरलेलं नसेल तर तुझा ७२ चा कट-ऑफ कशाशी ताडून बघणार? तो पर्यायांच्या मधोमध येतो म्हणून तू घेतलास, तिथे कुणी आजारी पडायला सुरुवात होते म्हणून नव्हे. कोरियातल्या स्मार्टफोन अ‍ॅडिक्शन स्केलच्या छोट्या आवृत्तीत, १० आयटमची, २०१३ ची, मुलांना ३१ आणि मुलींना ३३ असे कट-ऑफ आहेत, ते काही जण आपल्याकडे जसेच्या तसे लावतात तेही मला पटत नाही. कोरियन शाळकरी मुलांवर काढलेले आकडे सांगलीच्या एम.ए.च्या मुलींना कसे लावायचे? अल्फाचंही तेच, मूळ पेपरमध्ये चांगला होता म्हणून माझ्याकडेही चांगला असं लिहिता येत नाही, तो त्या लोकांच्या त्या स्कोअरचा असतो. तू स्वतःच्या डेटावर काढलास हे उत्तम केलंस.

कट-ऑफचं अजून एक. एसडी १२ आणि रिलायबिलिटी ०.९१, म्हणजे मापनातली प्रमाण त्रुटी १२ गुणिले ०.०९ चं वर्गमूळ, ते ०.३, म्हणजे ३.६. ९५ टक्क्यांसाठी साधारण सात इकडे सात तिकडे. ७४ आलेली मुलगी ६७ ते ८१ मध्ये कुठेही असू शकते. ७१ वाली नॉर्मल आणि ७३ वाली व्यसनी हे कुठल्या तोंडाने सांगणार? टक्केवारीचा तो पाय चार्ट काढून टाक, स्कोअर सलग ठेव आणि कोरिलेशन बघ.

भाषांतरित आयटमबद्दल थोडंसं. धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये आणली, १९४० मध्ये त्यावर पुस्तक आलं, आणि ती इथल्या मुलांवर वापरून, प्रमाणित करून मग दिली. (तीच चाचणी आजही कित्येक ठिकाणी वापरात आहे आणि नॉर्म्स (तुलनेसाठीचे आकडे) किती जुने झाले यावर कुणी बोलत नाही, पण ते असो.) तू निदान एवढं कर की इंग्लिश चांगलं असलेल्या दुसऱ्या कुणाकडून तुझे मराठी आयटम परत इंग्लिशमध्ये करून घे, मूळ न दाखवता, आणि कुठे अर्थ घसरला ते बघ. ब्रिस्लिनची १९७० पासूनची पद्धत आहे, एका संध्याकाळचं काम.

आता महिनाभरात काय होईल ते सांगते, सगळं नाही झालं तरी चालेल. सगळ्यात आधी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं, पाच-सहा मुलींना एकेक करून बसव आणि आयटम मोठ्याने वाचायला लावून विचार की हे वाचून तुझ्या डोक्यात काय आलं, कुठला प्रसंग आठवला, हाच पर्याय का निवडलास. मध्ये बोलू नको, नुसतं लिहून घे. तुझ्या रूममेटपासूनच सुरुवात कर, पंधराव्या आयटमवर ती जे बोलेल ते तुझ्या डेझर्टेशनमधलं सगळ्यात चांगलं पान होईल. तीन सरांना दाखवून त्यांनी 'ठीक आहे' म्हणणं म्हणजे फेस व्हॅलिडिटी, त्याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. त्याच सरांना प्रत्येक आयटम 'अत्यावश्यक आहे की नाही' असं लिहून मागितलंस तर निदान लॉशेच्या १९७५ च्या पद्धतीने कंटेंट व्हॅलिडिटीबद्दल (विषयाचा गाभा आयटममध्ये आलाय का) काहीतरी बोलता येतं, पण तीन जण त्यालाही कमीच, एक-दोन बाहेरच्या कॉलेजचे गाठ.

मग तयार असतील त्यांच्याकडून फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगचा (वापराचे तास दाखवणारी सोय) आठवड्याचा आकडा माग. फक्त एकूण तास आणि असलं तर अभ्यासाच्या अ‍ॅपचे तास, अख्खा स्क्रीनशॉट नको, कोण कुठलं अ‍ॅप वापरते हा तुझा विषय नाही. स्कोअर आणि तासांचं कोरिलेशन कमी आलं तर घाबरू नको. डग्लस पॅरी आणि मंडळींनी २०२१ मध्ये अनेक स्टडी एकत्र करून बघितलं तर लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि फोनने नोंदवलेला वापर यांचं कोरिलेशन ०.३८ च्या आसपास निघालं, आणि 'प्रॉब्लेमॅटिक वापर' मोजणाऱ्या स्केलांचं त्याहून कमी. तुझं तसंच आलं तर तेच निष्कर्षात लिही, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सोबत जीएडी-७ सारखं सात आयटमचं चिंतेचं स्केल दे. तुझा स्कोअर चिंतेशीच घट्ट जुळला आणि तासांशी जुळलाच नाही तर तू मोबाईलपेक्षा स्वभावातली काळजी जास्त मोजतेयस असा संशय घ्यायला जागा आहे, आणि ते चार 'अस्वस्थ-बेचैन' आयटम बघता मला तोच संशय आहे. वेगळ्या गोष्टीशी कमी जुळायला हवं हेही तपासा, असं कॅम्पबेल आणि फिस्के १९५९ पासून सांगतायत, आपण फक्त जुळलेलं तेवढं टेबलात घालतो.

हे सगळं झाल्यावर शीर्षकाचा विचार कर. सिनॉप्सिस मंजूर झालाय, शीर्षक बदलता येणार नाही असं ऑफिसमधून सांगतील, मग निदान पहिल्या प्रकरणात लिही की इथे 'व्यसन' हा शब्द निदान म्हणून वापरलेला नाही, मोबाईल दूर असताना वाटणारी अस्वस्थता आणि स्वतः सांगितलेला वापर एवढंच या टूलने मोजलंय. सरांशी बोलताना 'अल्फा पुरेसा नाही' असं तोंडावर म्हणू नको, 'सर, एक्स्टर्नलनी रूममेटसारखी केस विचारली तर काय सांगायचं' असं विचार, ते स्वतःच दोन टेस्ट सुचवतील, मार्गदर्शन त्यांचं झालं आणि काम तुझं झालं.

एक्स्टर्नलना सरळ सांग: सर, अल्फा ०.९१ आहे पण त्यातला काही भाग आयटमच्या संख्येमुळे आणि काही सारख्या आयटममुळे आहे, चार आयटम एकच विचारतात हे लक्षात आलं म्हणून तीन वगळून अल्फा परत काढला, तो इतका आला. कट-ऑफ वापरला नाही, कारण ताडून बघायला निकष नव्हता. मुलींना वाचायला लावलं तेव्हा अभ्यासाचा वापर स्कोअरमध्ये शिरतो हे दिसलं, म्हणून नववा आणि पंधरावा हे दोन आयटम बदलायला हवेत. एवढं बोललीस की पुढचा प्रश्न बहुधा सॅम्पलिंगवर येईल, त्यावर एकाच हॉस्टेलच्या मुली आहेत हे कबूल करून टाक, ताणू नको.

राहिली रीटेस्ट (त्याच मुलींना तेच टूल परत देणं), ती जमली तर कर कारण अल्फाने टिकाऊपणा कळत नाही, आज ७० वाली पंधरा दिवसांनीही ७० च्या जवळ येते का हा वेगळाच प्रश्न आहे. मध्ये इंटर्नल परीक्षा येऊ देऊ नको, नाहीतर मोबाईलचा वापरच खरोखर बदलतो आणि मग स्कोअर हलला तर दोष टूलचा की परीक्षेचा ते कळणार नाही. आणि या वेळी फॉर्मवरून नाव, रूम नंबर दोन्ही काढ. दोन्ही वेळचे फॉर्म जुळवायला आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःचा जन्मदिनांक नुसता, महिना-वर्ष नको, आणि मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे असा कोड माग. लिंकसुद्धा तू पाठवू नको, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मैत्रिणीला पाठवायला सांग.